कर्ण्याचं तोंड

बावन्नाव्या वर्षी माणसानं शिडी चढू नये. चढायचीच वेळ आली तर निदान एका आठवड्यात दोनदा चढू नये. यंदाच्या आषाढी पौर्णिमेच्या आठवड्यात मी ती दोनदा चढलो. आमच्या गावच्या विहाराच्या स्लॅबवर एक लोखंडी पाइप उभा आहे आणि पाइपाच्या टोकाला कर्णा, म्हणजे लाउडस्पीकरचा भोंगा. पहिल्यांदा चढलो ते कर्ण्याचं तोंड पूर्वेकडून पश्चिमेला फिरवायला. पाचव्या दिवशी चढलो ते पश्चिमेकडून परत पूर्वेला करायला. दोन्ही वेळा खाली काठी टेकून हुकूम सोडणारी व्यक्ती एकच: माझे वडील, तात्या, वय अठ्ठ्याहत्तर. हे सगळं का घडलं ते सांगायचं तर भूतानला जावं लागेल. मी एकदा जाऊन आलोय, त्याचा शीण अजून पोटऱ्यांतून उतरलेला नाही. पण तुम्ही म्हणत असाल तर चला, परत जाऊ. या वेळी खिडकी मात्र माझी.

आमच्याकडे पावसाळा ढगांवरून कळत नाही. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात ढग येतात, वरून पाहणी करतात आणि पुढच्या तालुक्याला निघून जातात. आमच्या गावात पावसाळा कळतो तो कर्ण्यावरून. आषाढी पौर्णिमेला संध्याकाळी सात वाजता कर्णा आधी खाकरतो, मग कान फाटेल अशी शिट्टी मारतो, मग त्यातून तात्यांचा आवाज येतो, ‘पोरं गप करा. सगळ्यांनी बसून घ्या.’ वर्षावास सुरू झाला. बुद्धाच्या काळी भिक्खू पावसाळ्यात फिरणं थांबवून एका जागी राहत, त्याची ही आठवण. आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन. आमच्या गावाला भिक्खू नाही, पण एका जागी बसलेले तात्या आहेत. त्या तीन महिन्यांचा वास मला आजही डोळे मिटून सांगता येतो. दमट सतरंजी, उदबत्ती, शेजारच्या गोठ्यातलं ओलं कडवळ. त्यात डेअरीवर रिकाम्या होणाऱ्या कॅनचा खणखणाट. मध्येच वीज जायची, कर्णा मुका व्हायचा, तात्या अंधारात पाठ असलेलं म्हणत राहायचे, आणि वीज आली की सगळं गाव वाक्याच्या मधोमध परत जोडलं जायचं. अलीकडचं पलीकडचं कोणाला कळायचं नाही, पण तक्रारही कोणी केली नाही.

कोणी नाही म्हणजे, एकीनं केली. त्याकडे येतोच.

तात्या नऊ वर्षांचे होते तेव्हा, छप्पन साली, आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून नदीला दिले आणि आमचं घर बुद्धाचं झालं. मग बारामतीहून सायकलवर एक मास्तर यायला लागले. त्यांनी वस्तीतल्या पोरांना ओळीनं बसवून तीन ओळी शिकवल्या. पुढच्यानं म्हणायचं ‘बुद्धं सरणं गच्छामि’, मागच्यांनी तेच परत म्हणायचं. धम्माला तसंच, संघाला तसंच. मग दुसऱ्यांदा, ‘दुतियम्पि’. मग तिसऱ्यांदा, ‘ततियम्पि’. आता त्या सायकलवाल्या मास्तरांचे पुढचे दोन दात नव्हते म्हणे. त्यामुळे ‘दुतियम्पि’चं आमच्या गावात ‘दुत्तेमपी’ झालं आणि तेच रुजलं. मी स्वतः मास्तर झाल्यापासून ही चूक सुधारायला बघतोय.

‘तात्या, दुतियम्पि.’

‘त्येच म्हणतोय की. दुत्तेमपी.’

तात्या पाटकरी होते. म्हणजे कालव्याच्या चारीवर उभं राहून कोणाच्या रानाला कधी आणि किती वेळ पाणी द्यायचं, त्या पाळ्या सांभाळणारा माणूस. तीस वर्षं त्यांनी दारं उघडली आणि लावली. चारी विहाराच्या पूर्वेला वाहते, आणि चारीपलीकडे रखमाकाकूंचं रान आहे. दोडका, कारलं, वांगी आणि बांधाकडेनं डाळिंब. कर्ण्याचं तोंड बरोबर त्यांच्या दोडक्याच्या मांडवावर. वीस वर्षांपूर्वी रखमाकाकू ग्रामपंचायतीत उभ्या राहिल्या, कमरेवर हात.

‘तीन महिने रोज संध्याकाळी माज्या दोडक्याला भाषण! दोडकं वाकडं निघाय लागल्यात.’

तात्या म्हणाले, ‘रखमाबाई, ग्रंथ ऐकून दोडका वाकडा न्हाय हुत, सरळ हुतो.’

‘मग तुमच्या घरावर फिरवा की त्याचं तोंड. घरात कोण सरळ व्हायचं ऱ्हायलं असंल तर हुईल.’

सगळे हसले. मीही हसलो, कारण घरात व्हायचा राहिलेला तो मीच. तात्या हसले नाहीत. म्हणाले, ‘तीस वर्षं ह्या हातानं पाणी दिलं तुमास्नी. पाणी चालतंय. आवाज तेवढा चालत न्हाय व्हय?’ ठराव झाला की आवाज मध्यम ठेवावा. मध्यम म्हणजे किती, हे लिहायचं राहून गेलं. तेव्हापासून तात्या आणि रखमाकाकू एकमेकांशी बोलत नव्हते. चारी ओलांडून काकू विहारात कधी आल्या नाहीत, आणि या म्हणून आम्हीही कधी बोलावलं नाही.

मी बारामतीच्या शाळेत भूगोल शिकवतो. पंचवीस वर्षं फळ्यावर हिमालय काढला, उलट्या करवतीसारखा. प्रत्यक्ष पाहिलेला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे आमच्याकडची साखर कारखान्याची चिमणी. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीची एक जाहिरात हातात आली: सात दिवस भूतान, गाइडसह, मराठी जेवणासह. मी घरी गेलो तेव्हा सहज म्हणून ती वाचून दाखवली. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘तितं सगळं बुद्धाचं हाय?’

‘सगळा देश, तात्या.’

‘राजा बी?’

‘राजाबी.’

तात्या चारीकडे वळले. मग म्हणाले, ‘आयुष्यभर मी पुढं म्हणतोय आन मागं पन्नासएक माणसं म्हणत्यात. अख्खा देश मागं म्हणल्याव कसं वाटत असंल रं? मी पयली ओळ म्हणायची आन तिथल्या भंतेंनी झील धरायची. तेवढं ऐकायचंय. डोंगर तू बघ.’

झील धरणं म्हणजे पुढच्याची ओळ मागच्यांनी उचलून धरणं. भजनात धरतात, तमाशात धरतात. तात्यांना ती एका देशाकडून हवी होती. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस पासपोर्टच्या फोटोसाठी दाढी करून बसला, तो एवढ्यासाठी.

भिगवणच्या चौकात पहाटे बस आली. इंदापूरहून भरत आलेली. मासळीच्या पाट्या उतरत होत्या, वडे तळले जात होते, आणि पायरी चढून आत गेलो तर तिसऱ्या सीटवर, मांडीवर भाकरीच्या पिठाचा डबा घेऊन, साक्षात रखमाकाकू! लेकानं परस्पर बुकिंग केलं होतं. काशी झाली, रामेश्वर झालं, आता हे राहिलं होतं म्हणे. मोकळ्या सीटा दोनच, त्यांच्या बरोबर मागच्या. तात्या काठी आपटत जाऊन बसले. काकू मागे न बघता खिडकीला म्हणाल्या, ‘सोडलं गाव, तरी आवाज मागंच हाय माज्या.’

मध्ये विमान झालं, बस बदलली, पण सीटांचा क्रम तोच, आणि पुढचे सात दिवस मी दोन देशांच्या सीमेवर राहिलो. एक भारत-भूतान आणि दुसरी तिसऱ्या आणि चौथ्या सीटच्या मधली.

थकवा कसा असतो ते ज्यानं सीमेवरचं फुन्शोलिंग ते राजधानी थिंफू हा घाट बसनं चढलाय त्याला विचारावं. दर वळणाला पोट एका खिडकीत आणि आपण दुसऱ्या. आमचा गाइड दोर्जी, पंचेचाळिशीचा, गुडघ्यापर्यंत पायमोजे आणि झग्यासारखा घो घातलेला गोड माणूस, टीव्हीवरच्या मालिका बघून शिकलेलं हिंदी बोलायचा. तिथं आदर दाखवायला नावापुढे ‘ला’ लावतात. पहिल्याच दिवशी त्यानं वाकून हाक मारली, ‘तात्याला!’ आणि सगळी बस पुढच्या शब्दाची वाट बघत थांबली.

‘तात्याला काय?’ रखमाकाकू म्हणाल्या. ‘पाणी द्यायचं का हवा? पुढं बोल की, बाबा!’

तो नुसता हसत उभा. मग सात दिवस आमच्या बसमध्ये हाच खेळ. ‘काकूला!’ अशी हाक आली की मागून कोणीतरी ओरडायचं, ‘चहा!’

ऑक्टोबर संपत आला होता. खोऱ्यांमध्ये भात पिवळा झालेला, कापणी चालू, आणि घरांच्या पत्र्यांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. अख्खी छपरं लाल. मी डोंगर बघत होतो, काकू मिरच्या. एका हॉटेलात मिरचीची भाजी आली. मिरची घातलेली नव्हे, मिरचीचीच, चीजमध्ये शिजवलेली. आमच्या मंडळींनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग पाणी मागितलं. काकूंनी वाटी संपवली आणि स्वयंपाकघरात जाऊन बियाणं मागितलं. भाषा एक नाही, तरी दहा मिनिटांनी पदराच्या गाठीत चिमूटभर बी बांधून बाहेर आल्या. असं जमवणाऱ्या माणसाचा मला कायम हेवा वाटतो.

तात्यांचं मात्र काही जमेना.

थिंफूच्या डोंगरावर सोन्याच्या रंगाचा प्रचंड मोठा बुद्ध बसलाय. तात्यांनी चपला काढल्या, फेटा नीट केला, एका तरुण भिक्खूसमोर हात जोडून उभे राहिले आणि खणखणीत म्हणाले, ‘बुद्धं सरणं गच्छामि!’ आणि थांबले. तेच ते थांबणं, जे मी लहानपणापासून ऐकत आलोय. अर्ध्या श्वासाएवढं, ज्यात मागच्यांचा आवाज येऊन भरतो. भिक्खूनं गोड हसून मान लववली. बस्स. वाऱ्यानं पताका फडफडल्या, कुठून तरी लोण्याच्या दिव्यांचा उग्र वास आला. ते थांबणं तसंच रिकामं राहिलं.

दोर्जीनं समजावलं, की आम्हीही हेच तीन म्हणतो, पण आमच्या भाषेत, तात्याला. पाली आमच्याकडे कोणी म्हणत नाही.

तात्या म्हणाले, ‘म्हणत न्हाय?’ मग थोड्या वेळानं, बसमध्ये बसल्यावर, ‘कुणीच न्हाय?’

खरं तर दुःख तेवढंच नव्हतं. आत भिंतींवर दहा हातांचे, सुळे बाहेर काढलेले, गळ्यात कवट्यांच्या माळा घातलेले देव होते. समोर दिवे, फळं, बिस्किटांचे पुडे. दारोदार प्रार्थनेची चाकं, येणारा-जाणारा उजव्या अंगानं फिरवून पुढे जाणार. तात्यांनी एका चाकाला बोट लावलं नाही. ‘आमच्या बानं टोपलीत भरून नदीला दिलं, त्ये समदं वाहत वाहत हितं आलंय का काय?’ ते म्हणाले. मला हसू आलं. ते हसायला म्हणून बोलले नव्हते, हे मला रात्री जेवताना कळलं, कारण त्यांनी भात तसाच ठेवला.

पुनाख्याला जाताना एका गावात घरांच्या भिंतींवर अशी चित्रं रंगवलेली, की मी भूगोलाचा मास्तर म्हणून पटकन सूर्यास्ताची दिशा समजावून सांगायला लागलो. आख्ख्या भिंतीएवढं पुरुषाचं ते, त्याला वर रिबीन बांधलेली. दोर्जी निर्विकारपणे सांगत होता की यानं दृष्ट लागत नाही. पुरुषमंडळी बुटांच्या नाड्या बांधत होती. रखमाकाकूंनी चष्मा लावून नीट पाहिलं.

‘दोडका हाय व्हय रं त्यो?’

‘...व्हय, काकू.’

‘मग वाकडा का न्हाय?’ आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागे वळून म्हणाल्या, ‘तात्या, हितं बी कर्णा लावत्यात वाटतं.’

बस हसून फुटली. दोर्जीला काही कळलं नाही तरी तो सगळ्यात जास्त हसला. तात्यांच्या मिशीचं एक टोक हललं, शपथ सांगतो, हललं. वीस वर्षांनी.

पण पुनाख्याच्या त्या दोन नद्यांच्या मधल्या मोठ्या मठातही ओळ रिकामीच परत आली. लाल वस्त्रातले पन्नासएक भिक्खू, शिंगं, ढोल, पोटातून निघणारा तो त्यांचा खर्जातला मंत्र. संपल्यावर तात्या पुढे झाले. या वेळी आवाज लहान होता. ‘बुद्धं सरणं गच्छामि.’ एका म्हाताऱ्या भिक्खूनं त्यांच्या तळहातावर केशराचं पाणी ओतलं, कपाळाला कपाळ लावलं. चांगलाच माणूस होता. पण झील धरली नाही.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की मास्तर, तुम्ही कुठे होतात? मी दोन पावलांवर होतो. माझा आवाज वर्गातून तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. लग्नात, बारशात, निरोप समारंभात मला पुढे करून गोष्टी सांगायला लावतात, मी नकला करतो, माणसं डोळे पुसेपर्यंत हसतात. त्या तीन शब्दांनी माझी जीभ भाजली नसती. पण मागे आमची बस उभी होती. पहिल्याच दिवशी दोन-तीन जणांनी प्रेमानं विचारलं होतं, ‘सर, आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कुठलं? गावात घर कोणत्या बाजूला?’ मी एक विनोद करून तो प्रश्न उडवून लावला होता. विनोदाचा मला असा फार जुना उपयोग आहे. घरातलं घरात, विहारातलं विहारात, आणि बाहेर सगळ्यांचा लाडका मास्तर, अशी चारी मी स्वतःच खणलेली. तात्यांनी मला ‘तू म्हण’ असं म्हटलं नाही. एकदाही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते थांबायचे तेव्हा मी कॅमेऱ्याचा पट्टा नीट करायचो.

सहाव्या दिवशी पारोचा तो डोंगर. कड्याला चिकटवल्यासारखा मठ, वर जायला तीन-चार तासांची चढण. अर्ध्या वाटेपर्यंत तट्टू मिळतात. तात्या एका तट्टावर, काकू एकावर, मी पायी, कारण माझ्याकडे बघून तट्टूवाल्यानं नकार दिला. तट्टाला नेमका दरीच्या कडेनं चालायचा सोस. काकू डोळे मिटून यच्चयावत देवांना हाका मारत होत्या आणि मध्येच तट्टाला शिव्या देत होत्या. देव आणि तट्टू यांच्यात शिव्या-ओव्यांची थोडी अदलाबदलही झाली असावी. अर्ध्या वाटेवर उपाहारगृह आहे, समोर एक मोठं प्रार्थनेचं चाक, आणि दरीपलीकडे कड्यावर तो मठ. इथून पुढे पायऱ्या. बाकीची मंडळी वर गेली. तात्या बाकावर बसले, बूट काढले आणि पाय बघत राहिले.

‘मला न्हाय जमायचं.’

‘नाही गेलं तर नाही गेलं, तात्या. इथून दिसतंय की.’

‘दिसतंय,’ ते म्हणाले. ‘दिसायला काय, समदंच दिसतंय.’

आम्ही तिघंच. काकू गुडघ्याला तेल चोळत, पदरातल्या शेंगा फोडत होत्या. मीही दमलो होतो. नुसते पाय नव्हे. सहा दिवस हसवून दमलो होतो. ढग आला, मठ पुसला गेला, परत उमटला. तात्यांनी हात जोडले. कोणाला ऐकवायला नव्हे. सवयीनं, संध्याकाळ झाल्यासारखं.

‘बुद्धं सरणं गच्छामि.’

आणि थांबले. ते अर्ध्या श्वासाचं थांबणं.

‘बुद्धं सरणं गच्छामि,’ काकू म्हणाल्या.

तोंडात शेंगदाणा, हात गुडघ्यावर. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. आपण सूर्याला नमस्कार करतो, जांभई आल्यावर चुटकी वाजवतो, तसं ते निघून गेलं. तात्यांनी मान वळवली नाही. हळूच पुढची ओळ टाकली, जशी चारीत पहिली फळी उचलून बघतात, पाणी जातंय का.

‘धम्मं सरणं गच्छामि.’

‘धम्मं सरणं गच्छामि.’

‘संघं सरणं गच्छामि.’

‘संघं सरणं गच्छामि.’

‘दुत्तेमपी...’

‘दुत्तेमपी,’ काकू म्हणाल्या.

चूकसुद्धा तीच. बोळक्या मास्तरांच्या तोंडातून निघालेली, नऊ वर्षांच्या पोरानं उचललेली, कर्ण्यातून चारीपलीकडे दोडक्याच्या मांडवात वर्षानुवर्षं पडत राहिलेली. वेल बांधता बांधता काकूंनी ती जशीच्या तशी घेतली होती. तिन्ही वेळा झालं. शेवटची ओळ संपली आणि काकू त्याच ठेक्यात, तात्यांच्याच आवाजात, पुढे म्हणाल्या, ‘पोरं गप करा. सगळ्यांनी बसून घ्या. डेअरीपुढं कुणाची मोटारसायकल आडवी लागलीया, ती काढा.’

मग थांबल्या. आपण काय म्हणालो ते त्यांना तेव्हा ऐकू आलं. तोंडाला पदर लावला.

‘रोज संध्याकाळी कानात वततोय त्यो कर्णा,’ त्या म्हणाल्या. ‘कान काय झाकून ठेवू?’

काकूंनी मूठभर शेंगा पुढे केल्या, तात्यांनी घेतल्या. मग काकू माझ्याकडे वळल्या. डोळे अगदी तट्टूवाल्याचेच.

‘तू का न्हाय म्हणलास रं, मास्तर?’

‘घसा बसलाय, काकू.’

‘व्हय. सकाळधरनं त्या तट्टाची नक्कल करतूयास, तवा न्हाय बसला.’

परतीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली, पण मी बाहेर बघितलं नाही. तात्या झोपले होते, तोंड उघडं ठेवून, एखादं काम हातावेगळं केलेल्या माणसासारखे. देशानं झील धरली नव्हती. चारीपलीकडच्या रानानं धरली होती, कधीपासून, आणि ते कळायला डोंगर चढावा लागला.

यंदाची आषाढी पौर्णिमा आली. भूतानचं बी काकूंच्या वाफ्यात उगवून आलं होतं, मिरची लागली होती, पण आमच्या हवेत तिखट कमी झाली म्हणून त्या चिडल्या होत्या. तात्यांचा आवाज हिवाळ्यापासून बसलेला. डॉक्टर म्हणाले, वय. पौर्णिमेच्या सकाळी तात्यांनी मला शिडी लावायला सांगितली. ‘तोंड फिरव पश्चिमेला. रखमाबाईला लई वर्सं तरास दिला. आता तरी निवांत वांगी तोडू दे.’ त्यांच्या परीनं ते आभार होते. मी चढलो, नट गंजलेला, कर्ण्यात पोळ्याच्या माश्या, कसाबसा फिरवला. चार दिवस तात्या बारीक आवाजात वाचत होते आणि कर्णा ते पश्चिमेच्या उसाला ऐकवत होता.

पाचव्या दिवशी दुपारी चारीवरच्या फळीवरून कोणीतरी येताना दिसलं. रखमाकाकू! फळी ओलांडली, विहाराच्या पायरीपाशी चपला काढल्या, आणि आत आल्या. पहिल्यांदा. कमरेवर हात तोच, ग्रामपंचायतीतला.

‘कर्ण्याचं तोंड कुणी फिरवलं?’

तात्या गडबडले. ‘मीच. म्हणलं, तुमाला तरास...’

‘मी कवा म्हणलं तरास? वीस वर्सामागं म्हणलं आसंल. चार दिस झालं, सांज झाल्याली कळंना. दोडका आर्धा तोडायचा ऱ्हायतोय.’ भिंतीवरच्या बुद्धाकडे त्यांनी एकदा बघितलं, जरा वाकल्यासारखं केलं, आणि जाताना मला म्हणाल्या, ‘चढ. बघतोस काय?’

म्हणून दुसऱ्यांदा शिडी. गुडघे कुरकुरतायत, माश्या परत आलेल्या, पाना हातातून निसटतोय. कर्णा दोन्ही बाजूंनी फिरवता येतो. मी शिडीला जवळची म्हणून डावी बाजू धरली.

‘आरं आरं, तसा न्हाय!’ खालून तात्या ओरडले, त्या बसक्या आवाजात जेवढं ओरडता येईल तेवढं. ‘उजव्या अंगानं फिरव!’

मी वरून त्यांच्याकडे बघितलं. सात दिवसांत एका चाकाला ज्यांनी बोट लावलं नव्हतं, ते तात्या गंभीर चेहऱ्यानं दुसरीकडे बघायला लागले. मी उजव्या अंगानं फिरवला. लांबचा वळसा पडला.

खाली आलो तर त्यांनी माइक माझ्या हातात दिला. ‘बोल कायतरी. आवाज जातोय का बघू तिकडं.’

अशा वेळी सगळे ‘हॅलो, हॅलो, एक, दोन’ म्हणतात. मीही आजवर तेच म्हणत आलोय. पश्चिमेला डेअरीवर माणसं उभी होती, त्यात आमच्या भूतानच्या बसमधले दोघं, बारामतीहून दूध न्यायला आलेले. त्यांनी हात केला. मीही केला. मग माइक तोंडाजवळ धरला आणि म्हणालो, ‘बुद्धं सरणं गच्छामि.’ कर्णा खाकरला, शिट्टी मारली, आणि माझा आवाज माझ्या डोक्यावरून चारीपलीकडे गेला. मी थांबलो नाही. धीरच झाला नाही. घाईघाईनं धम्म उरकला, संघ उरकला, आणि मास्तरकीच्या सवयीनं, स्वच्छ, शुद्ध, दातांसकट म्हणालो, ‘दुतियम्पि...’

दोडक्याच्या मांडवातून आवाज आला. कर्ण्याशिवाय, तरी कर्ण्याइतकाच.

‘चुकलास, मास्तर! दुत्तेमपी म्हण!’

तात्या भिंतीला टेकून हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत.

मी माइक सरळ केला. ‘दुत्तेमपी,’ म्हणालो, आणि थांबलो.